गाणारे आपापल्या शेतांकडे का पळाले?

शास्त्रपाठ : नहेम्या १३:४-१४



यरुशलेमेच्या कोटाचे समर्पण झाले त्या दिवसाचे वर्णन नहेम्याच्या बाराव्या अध्यायात आहे. गाणाऱ्यांचे दोन मोठे समूह कोटावरून चालले. झांजा आणि तंतुवाद्ये वाजली. स्त्रिया व मुलेही हर्षात सामील झाली आणि तो घोष दूरवर ऐकू गेला. पण पुढचाच अध्याय उघडावा, तर मंदिरात गाणारे कोणी उरलेले नाहीत. नहेम्या काही काळ राजाकडे गेला होता. परत येऊन पाहतो, तो ज्या प्रशस्त कोठडीत लेवी व गाणारे ह्यांच्यासाठी धान्य, द्राक्षारस व तेल साठवायचे, ती कोठडी तोबीयाला राहावयास दिलेली! गाणाऱ्यांचे वाटे बंद झाले होते, आणि जो तो आपापल्या शेताकडे पळाला होता.

ह्या दहाव्या वचनाचे भाषांतर तपासत असता आम्ही एका क्रियापदापाशी बराच वेळ थांबलो होतो. 'पळाले' हा शब्द कठोर वाटतो, त्याऐवजी 'परत गेले' असे का म्हणू नये, असे एका सहकाऱ्याने सुचवले. परंतु एसावाच्या भीतीने याकोब पळाला आणि तार्शीशास जाण्यासाठी योना पळाला, तेथे जे इब्री क्रियापद आहे तेच येथेही आहे. म्हणून आम्ही 'पळाले' हाच शब्द ठेवला. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. योना आपल्या कर्तव्यापासून पळाला. ह्या गाणाऱ्यांना भुकेने पळवून लावले.

नहेम्या त्यांना दोष देत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, की देवाचे मंदिर का टाकून दिले? ह्या प्रश्नातही एक जुना शब्द दडलेला आहे. दहाव्या अध्यायाच्या अखेरीस सर्व लोकांनी प्रतिज्ञा केली होती की, आम्ही आपल्या देवाचे मंदिर टाकून देणार नाही. दोन्ही ठिकाणी मूळ क्रियापद एकच आहे. त्या प्रतिज्ञेच्या वचनात गाणाऱ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे गाणे सर्वांना हवे होते, प्रतिज्ञा सर्वांनी केली होती; फक्त गाणाराच्या घरी चूल पेटते की नाही हे पाहायला कोणी गेले नाही.

प्रियजनहो, ह्या शास्त्रभागाच्या आधारे आज मी एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, जो आपल्या व्यासपीठांवर क्वचितच येतो. तो म्हणजे नगरातील हौशी सिंफनी वाद्यवृंद आणि त्याला द्यावयाचे दान. मंदिराची उपासना व नगराचा वाद्यवृंद एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण उत्पत्ती ४:२१ मध्ये वीणा व बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल हा काइनाच्या वंशात जन्मलेला दिसतो. संगीताचे दान देवाने केवळ वेदीपुरते दिले नाही. ते त्याच्या सामान्य कृपेचे दान आहे. आणि याकोबाच्या पत्राप्रमाणे प्रत्येक उत्तम दान वरूनच आहे.

असा वाद्यवृंद दानावाचून का चालत नाही? कारण साधे आहे. बेथोव्हेनची नववी सिंफनी १८२४ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तिला तेव्हा जितके वादक लागले व जितका वेळ लागला, जवळजवळ तितकेच वादक व तितकाच वेळ आजही लागतो. यंत्रमाग आला आणि एक विणकर पूर्वीच्या कितीतरी पट कापड विणू लागला. पण चार वादकांचे काम एकाने करावे, अशी सोय सिंफनीत नाही. खर्च काळाबरोबर वाढतो आणि तिकिटांच्या पैशांतून तो भागत नाही. ह्याच सिंफनीच्या पाठीशी एक वर्गणी आहे. १८१३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८२२ मध्ये नव्या सिंफनीसाठी बेथोव्हेनला ५० पौंड देऊ केले. १८२७ मध्ये तो मरणशय्येवर असताना तिने त्याला आणखी १०० पौंड पाठवले.

आता आफ्रिकेतील काँगोच्या राजधानीत, किन्शासा येथे, माझ्याबरोबर चला. सिमोन किंबांगू ह्या उपदेशकाला बेल्जियन सत्तेने १९२१ मध्ये कैद केले आणि १९५१ मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या मंडळीच्या काही शिकवणुकींशी आपण सहमत होऊ शकत नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. परंतु १९९४ साली त्यांचे नातू आर्मां दियांगियेंदा ह्यांनी तेथे एक सिंफनी वाद्यवृंद उभारला. दियांगियेंदा हे पूर्वी वैमानिक होते आणि संगीत ते स्वतःच शिकले. हाताशी मोजकी व्हायोलिने होती. एकाचा सराव संपला की तेच व्हायोलिन दुसऱ्याच्या हाती जाई. तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची तार ताणून लावत. वादक बहुतेक हौशी. दिवसभर पोटाचा उद्योग करून संध्याकाळी सरावाला येणारे. २०१० मध्ये त्यांच्यावर एक चित्रपट निघाला. त्यात हे लोक नवव्या सिंफनीची तालीम करताना दिसतात. पुढे बाहेरून मदतीचे हात आले, आणि २०१४ मध्ये हा वाद्यवृंद इंग्लंडमध्ये जाऊन वाजवून आला. ज्या सोसायटीने बेथोव्हेनला ५० पौंड दिले होते, तिनेच २०१३ मध्ये दियांगियेंदांना आपले सन्माननीय सभासद करून घेतले. एका दानाचा प्रवाह किती दूर जातो, हे देणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. देशात माणसे उपाशी असता व्हायोलिनच्या तारांसाठी पैसे द्यावेत काय? हा आक्षेप मी चांगला ओळखतो, कारण तो मीच एकदा उच्चारला आहे. आमच्या मंडळीत व्हायोलिन शिकवणारे एक वृद्ध मास्तर होते. गावातील दहा-बारा हौशी वादकांना ते आठवड्यातून एकदा एकत्र करीत. एके दिवशी ते माझ्याकडे एक कागद घेऊन आले. त्यावर तारांचा खर्च, सभागृहाचे भाडे व दोन गरीब मुलांची फी लिहिलेली होती. मी म्हणालो, "मास्तर, आधी भुकेल्यांचे पाहायला हवे." ते म्हणाले, "खरं आहे, भाऊ." त्यांनी कागदाची घडी खिशात ठेवली, चहा घेतला व निघून गेले. वर्षअखेरीस मी घरखर्चाची वही चाळली. जी रक्कम मी मास्तरांना नाकारली, ती कोणाही भुकेल्याच्या हाती गेली नव्हती. ती माझ्याच घरात खर्च झाली होती. वाटा गाणाऱ्याचा होता आणि कोठडीत सामान तोबीयाचे होते. तो तोबीया मीच होतो. पुढे दोन वर्षांनी तो मेळा मोडला. जो तो आपापल्या शेताकडे गेला.

बेथानीच्या घरात मरीयेने मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा गरिबांचे नाव घेणारा यहूदा इस्कर्योत होता. त्याला गरिबांची कळकळ नव्हती, असे योहान स्पष्ट लिहितो. प्रभूने मरीयेची बाजू घेतली. पण गरीब तुमच्याजवळ नेहमी आहेत असेही तो म्हणाला. हे उद्गार अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देतात, आणि तेथे लगेच आज्ञा आहे की गरिबासाठी आपला हात सैल सोड. म्हणून गरिबांचा वाटा काढून वाद्यवृंदाला देऊ नका. दोन्ही वाटे तोबीयाच्या कोठडीतून काढा. आणि हे विसरू नका की, किन्शासाच्या त्या वादकांनाही पोटाची चिंता चुकलेली नव्हती. गरिबाला भाकर हवी असते. पण त्याला केवळ भाकरच हवी असते, हे त्याच्या वतीने आपण कोण ठरवणार?

हा विषय आपल्याला परका नाही. १९३५ मध्ये मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद स्थापन केला, तेव्हा त्यात वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुले पिढ्यानपिढ्या स्वरलिपी व व्हायोलिन शिकत आली. पुढे अशा कित्येक वादकांचे पोट हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर चालले. ती गाणी आपण सर्वांनी ऐकली. वादकांची नावे मात्र फारच थोड्यांना ठाऊक झाली.

मग द्यावे कसे? नहेम्याने तीन गोष्टी केल्या. त्याने प्रथम तोबीयाचे सामान बाहेर फेकले, म्हणजे जागा मोकळी केली. मग गाणाऱ्यांना परत बोलावून त्यांच्या त्यांच्या जागी उभे केले. आणि शेवटी शलेम्या, सादोक व पदाया ह्यांना भांडारावर नेमून हानानाला त्यांच्या हाताखाली दिले, कारण ते विश्वासू गणले गेले होते. आपल्या नगरात असा वाद्यवृंद असेल तर एका मुलाची वर्षाची फी द्या, तारांचा एक संच द्या, मंडळीचे सभागृह सरावासाठी उघडा. हिशेब अवश्य मागा. पण हिशेब मागणे हे न देण्याचे निमित्त होऊ देऊ नका. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडे द्या, कारण बाराव्या अध्यायाच्या शेवटी गाणाऱ्यांचे वाटे रोजच्या रोज दिले जात असे लिहिले आहे. भूकही रोजच लागते.

ते मास्तर आज हयात नाहीत. त्यांचा कागद मला परत मागता येत नाही. पण आपल्या दाराशी उद्या कोणी तसाच कागद घेऊन उभा राहील. त्याला चहा द्या आणि कागद उघडून वाचा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, सूर व ताल तूच निर्माण केलेस. आम्ही ऐकले, पण ऐकवणाऱ्याची भूक पाहिली नाही. ह्याची आम्हांला क्षमा कर. आमच्या कोठड्या मोकळ्या कर, आमचे हात सैल कर, आणि जे पळून गेले आहेत त्यांना त्यांच्या जागी परत उभे कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.