उसन्या गाडीत सापडलेले पिस्तूल

मंडळीत उसनवारी चालतेच. लग्नकार्याची मोठी पातेली, सतरंज्या, खुर्च्या आणि अलीकडे ज्याच्यापाशी आहे त्याची मोटारगाडीसुद्धा. बेळगावच्या वऱ्हाडाला चोर्ला घाटाने गोव्यात पोहोचायचे असते, इंदूरच्या एखाद्या आजोबांना दवाखान्यात न्यायचे असते, वडोदऱ्याहून कोणाला तातडीने अंत्यविधीस जायचे असते. अशा वेळी "माझी गाडी घेऊन जा" असे म्हणणारा बंधू असणे हा देवाचा आशीर्वादच होय. गाडीच्या किल्लीबरोबर तो आपला विश्वासही आपल्या हाती ठेवतो. म्हणूनच आज एक अवघड प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. समजा, अशा मागून आणलेल्या गाडीचे कागद काढण्यासाठी आपण पुढचा खण उघडला आणि कागदांखाली पिस्तूल दिसले, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?

असले प्रसंग आपल्या लोकांवर येत नाहीत, असे कोणी म्हणू नये. ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. निवडणुकीच्या दिवसांत परवानेवाल्यांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावयास सांगतात आणि राज्याच्या हद्दीवर नाक्यानाक्याला गाड्या तपासतात. शिवाय ज्याला जन्मात पिस्तूल दिसणार नाही, त्याच्याही हाती दुसऱ्याचे बांधलेले पुडके किंवा ठेवायला दिलेली पेटी येतेच. प्रश्न तोच राहतो: जे आपण ठेवले नाही, पण जे आता आपल्याला ठाऊक झाले आहे, त्याचे काय?

तीन सोप्या वाटा मनात चटकन येतात. पहिली, खण लावून टाकावा, काम उरकावे आणि काही पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने गाडी परत करावी. दुसरी, ते हत्यार वाटेतल्या नदीत फेकून द्यावे. तिसरी, गाडी देणाऱ्याला एकांतात दोन शब्द सुनवावे आणि विषय तिथेच मिटवावा. पहिल्या वाटेला आपण भिडस्तपणामुळे मैत्री म्हणतो. परंतु त्या गाडीत उद्या त्याचीच मुले बसणार आहेत आणि लहान मुलांचे हात खणाकडे आधी जातात. दुसऱ्या वाटेने हत्यार नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या कोणाला सापडते. आणि त्याने काही गुन्हा घडला असेल, तर आपण त्याचा पुरावाच बुडवतो. तिसरी वाट शास्त्राला धरून आहे असे वाटते, म्हणून तिचा विचार पुढे करू.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक वा पिस्तूल बाळगता येत नाही. परवाना असणाऱ्याचे हत्यार दुसऱ्याने नेण्याची मुभा आहे, पण ती परवानेवाला समक्ष असताना किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी. म्हणजे "त्याच्यापाशी परवाना आहे" एवढ्याने गाडी चालवणारा मोकळा होत नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाळगण्याचा गुन्हा होण्यास जाणीव असावी लागते. आणि हेही सांगितले, की हत्यार प्रत्यक्ष हातात नसले तरी ते ज्याच्या ताब्यात व सत्तेत आहे त्याने ते बाळगले असे ठरू शकते. तेव्हा खण उघडण्यापूर्वी जो मनुष्य निर्दोष प्रवासी होता, तोच खण लावून पुढे निघाला म्हणजे कायद्याच्या नजरेत निराळा मनुष्य होतो. याच कायद्याच्या ३६ व्या कलमाने, या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे त्याने, वाजवी कारण नसेल तर, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला खबर दिली पाहिजे असे ठरवले आहे.

हे वाचून आम्हांला लेवीयाच्या पाचव्या अध्यायातले पहिले वचन आठवते. ज्याने पाहिले किंवा ज्याला ठाऊक आहे, आणि साक्षीसाठी हाक झाल्यावर जो सांगत नाही, त्याच्यावर दोष येतो, असा त्याचा आशय आहे. ठाऊक नसणे हा दोष नव्हे. ठाऊक झाल्यावर गप्प राहणे मात्र एक कृत्यच आहे.

पण गप्प का राहावेसे वाटते? भीतीमुळे. आपल्यावरच आळ आला तर? या भीतीचे उत्तम चित्र योसेफाच्या गोष्टीत आहे. उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायात त्याचे भाऊ धान्य घेऊन परत निघतात. उताऱ्याच्या जागी एकजण गोणी उघडतो, तो तिच्या तोंडाशी त्याचाच पैसा! त्याने तो ठेवला नव्हता. सर्वांच्या काळजाचे पाणी झाले. पुढे पुन्हा मिसर देशास जाण्याची वेळ आली तेव्हा म्हातारा याकोब म्हणतो, तो पैसा परत न्या, कदाचित नजरचूक झाली असेल. आणि ते भाऊ काय करतात? योसेफाच्या घराच्या दाराशीच, कोणी काही विचारण्याच्या आधी, कारभाऱ्याला सर्व हकीगत सांगतात. कारभारी त्यांना धीर देतो. शब्बाथशाळेत आपण चांदीच्या प्याल्याची गोष्ट रंगवून सांगतो, पण त्याआधीचा हा दाराशी दिलेला जबाब घाईत सोडून देतो. याकोबाच्या सांगण्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: दुसऱ्याविषयी वाईट कल्पू नये, आणि तरीही वस्तू झाकून ठेवू नये. आमच्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

आता त्या तिसऱ्या वाटेविषयी. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभू सांगतो, की भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग. मग पोलिसांना आधी का कळवावे? आम्हांला असे वाटते, की तो नियम दोघा भावांमधल्या अपराधाविषयी आहे. समेट झाला की तो मिटतो. भरलेल्या पिस्तुलाचा धोका त्या एकांतात हजर नसलेल्या तिसऱ्याच माणसाला आहे, आणि त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय आधी विचारायला गेलो तर तो गयावया करील, "तेवढे गपचूप आणून दे" म्हणेल, आणि भिडेने आपण शब्द देऊन बसू. जेवणास बसलेल्यांच्या भिडेखातर दिलेला शब्द पाळून हेरोदाने काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून क्रम असा असावा. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. हत्याराला हात लावू नये, ते रिकामे आहे की भरलेले हे पाहण्याचा मोह धरू नये. मुलाबाळांना खाली उतरवून दूर उभे करावे. ११२ वर किंवा जवळच्या ठाण्याला फोन करून गाडी कोणाची, आपण कोठे आहोत, काय दिसले एवढेच सांगावे आणि ते सांगतील तसे करावे. त्यानंतर लगेच गाडी देणाऱ्या बंधूला फोन करावा. त्याला दुसऱ्याकडून कळू देऊ नये. "हे सापडले, आम्ही कळवले आहे, परवाना असल्यास घेऊन या" असे सरळ सांगावे. परवाना असेल तर तो कागदच त्याची बाजू मांडील. राहिलेला त्रास त्याच्या निष्काळजीपणाचा आहे. आणि घराच्या धाब्याला कठडा बांध, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घरमालकालाच बजावले आहे.

ठाण्याची पायरी चढण्याची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. साध्या माणसाला तेथे तासन्‌तास बसवून ठेवतात, उलटसुलट विचारतात. म्हणून एकट्याने जाऊ नये. पाळकसाहेबांना, मंडळीतल्या एखाद्या वडिलांना बरोबर घ्यावे, जबाब देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, तारीख आणि वेळ घालून घडले ते लिहून ठेवावे. येथे मंडळीचीही कसोटी आहे. खरे सांगणाऱ्याला ठाण्याच्या बाकावर एकटा बसवून आपण घरी चहा पीत राहिलो, तर पुढच्या वेळी कोणी खरे सांगणार नाही.

आणि दुसरी गोणी विसरू नये. ४४ व्या अध्यायात प्याला बन्यामीनाच्या गोणीत निघाला. त्याआधी हेच भाऊ मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, की ज्याच्यापाशी सापडेल तो मरो. इतरांविषयी निवाडा करताना आपलीही जीभ अशीच सैल सुटते. पण प्याला निघाल्यावर त्यांनी बन्यामीनाला तेथे टाकून वाट धरली नाही. सर्व परत फिरले, आणि यहूदा त्याच्याऐवजी स्वतः दास म्हणून राहावयास तयार झाला.

गाडी देणारा बंधूही असाच आहे. त्याने पिस्तूल का ठेवले, हे आपल्याला ठाऊक नाही. कोणाची धमकी असेल, कर्जाचा तगादा असेल. मन इतके खचले असेल, की ते त्याने स्वतःसाठीच आणले असेल. मग तर आपल्या खबरीने त्याचाच जीव वाचला. कारण काहीही असो, बाजारात आणि प्रार्थनासभेत त्याच्या नावाची चर्चा करण्याचा हक्क आपल्याला मिळालेला नाही. "अमक्यासाठी प्रार्थना करा" असे म्हणून सारी हकीगत सांगणे ही चहाडीच होय. पोलिसांना सांगावयाचे ते सांगून झाले, की त्याच आठवड्यात त्याच्या दारी जावे. तो दार लावून घेईल, पुन्हा जावे. त्याच्या बायकोमुलांची विचारपूस करावी. खटला उभा राहिलाच, तर न्यायालयात जे पाहिले तेवढेच सांगावे, आणि त्याच्या डब्याची, जामिनाची सोय पाहावी. बंदिवानाकडे जाणे प्रभूने स्वतःकडे येण्यासारखे मानले आहे, आणि त्यात निर्दोष बंदिवान असे त्याने म्हटलेले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी योसेफाचा धडा घेताना मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा: तुझ्या दप्तरात तू न ठेवलेली वस्तू निघाली, तर तू प्रथम कोणाला सांगशील? मुले काय उत्तर देतात यावरून घरी वडील माणसे काय करतात तेही कळेल. आणि आपल्यापैकी ज्यांची गाडी इतर बंधुभगिनी मागून नेतात, त्यांनी किल्ली देण्याआधी गाडीचा खण स्वतः एकदा उघडून पाहावा.