चढ, गिअर आणि तप

आजचा श्लोक : भगवद्गीता १७.१९

तप म्हणजे नुसतं सोसणं का?

कोथरूडहून बावधनला मी सायकलने ऑफिसला जातो. चांदणी चौकाच्या चढावर मांड्या भरून येतात, श्वास फुलतो. हे सोसायचं, येतं आणि जातं. दुसऱ्या अध्यायातली तितिक्षा ती हीच. पण गुडघ्यात कळ येत असतानाही जड गिअरच रेटायचा, हे तप नव्हे. हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला भगवंत तामस म्हणतात.

हलका गिअर टाकला की पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण दर फेरीला गुडघ्यावरचा भार कमी होतो. मागचे पुढे जातात. जाऊ देत. मित्रांनो, तेव्हा दुखतो तो अहंकार. ते दुखणं मात्र खुशाल सोसावं.

राम कृष्ण हरी!