सापडलेले धन

तोरण्यावर शिवाजीमहाराजांना द्रव्य सापडले, ही हकीकत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? 1640 च्या दशकात गड हाती आला, डागडुजीसाठी खणताना धन निघाले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यात खर्ची पडले, असे बखरकार सांगतात. आपण या कथेत रमतो ते हंड्यांपाशी. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा वाटतो. धन सापडणे हा योग होय. त्यात सापडणाऱ्याचे कर्तृत्व फारसे नसते. पण सापडलेले धन पुरून न ठेवता, उधळूनही न टाकता, ज्याचा उपयोग पुढे कित्येक वर्षांनी व्हायचा अशा दगडचुन्यात ते घालणे, याला निराळे मन लागते. पुढे पंचवीस वर्षांच्या आसपास स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला.

बिनकष्टाने हाती आलेल्या पैशावर माणसाचा अधिकार किती, हा प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. तथापि तो सुटतो, किंवा सुटत नाही, तो बाजारात.

तोरण्यासारखाच एक हंडा दोन शतकांनी मुंबईला सापडला. तो पुरला होता अमेरिकेत. 1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. साहजिकच त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव चढत गेले आणि मुंबईत सोन्याचांदीचा ओघ लागला. या ऐश्वर्यासाठी मुंबईकराने काय केले होते? काहीच नाही. सातासमुद्रापलीकडे माणसे मरत होती आणि येथे पेढ्यांवर नफा जमा होत होता. यात मुंबईकराचा गुन्हा नव्हता. पण पुण्याईही नव्हती. पुढे जे घडले त्याचे मूळ हा भेद विसरण्यात आहे. योगाने आलेल्या पैशाला लोक अकलेची कमाई समजू लागले, आणि आपल्या अकलेवर विश्वास बसलेला माणूस थांबत नाही.

बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र होता तेथेच होता! युद्ध कधीतरी संपणार हे काय कोणाला कळत नव्हते? सर्वांना कळत होते. पण प्रत्येकाचा हिशेब असा, की ते संपण्याच्या आदल्या दिवशी आपण बाहेर पडू. एकच दार असलेल्या खोलीत हजार माणसांनी हा बेत करावा, असा तो प्रकार. 9 एप्रिल 1865 रोजी जनरल ली शरण गेला. भागांच्या वायद्यांची मुदत होती 1 जुलैची. त्या दिवशी घेणारे पुष्कळ, देणारा कोणी नाही, अशी अवस्था झाली.

बुडणाऱ्यांत सट्टेवाले होतेच. त्यांच्याविषयी मला फारसा कळवळा नाही. परंतु 1840 साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे याच भागांच्या तारणावर कर्जे देऊन बसली होती. ज्यांनी आयुष्यात एकही भाग घेतला नाही अशांच्याही ठेवी तिच्यात होत्या. जुन्या बँकेचा कारभार गुंडाळून 1868 साली त्याच नावाने नवी बँक उभारावी लागली. स्वतःचा पैसा धोक्यात घालणे हे धाडस किंवा मूर्खपणा असेल. दुसऱ्याचा पैसा त्याला न विचारता धोक्यात घालणे याला आपल्या भाषेत दुसरे शब्द आहेत. त्या काळचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला मोठी देणगी दिली होती. ते स्वतः या लाटेत बुडाले. पण त्या देणगीतून झालेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला आणि आजही घटका मोजतो आहे. कागदावरचे गेले, दगडात घातले ते उरले.

मग वेळीच बाहेर का पडवत नाही? केवळ लोभामुळे, असे मला वाटत नाही. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले, की जेवढ्यास तेवढ्या लाभाच्या सुखापेक्षा हानीचे दुःख माणसाला कितीतरी अधिक बोचते. म्हणून पडत्या भावाला भाग विकणे जिवावर येते. विकला की तोटा खरा होतो. न विकता ठेवला की तो अजून ‘दिसण्यापुरता’ असतो. हा तर्क नव्हे, मनाची पळवाट आहे.

या पळवाटेने न जाणारा माणूस पाहायचा तर पुन्हा याच डोंगरांत यावे लागते. जून 1665 मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना देऊन टाकले. भोरच्या माथ्यावरचा रोहिडा त्यांतलाच. प्रत्येक किल्ल्यामागे माणसे पडलेली. ‘एवढे ओतले, आता सोडायचे कसे’ असे म्हणायला त्यांच्याइतका अधिकार कोणाला होता? पण राखले ते बारा पाहा. राजगड आणि तोरणा त्यांत आहेत. काय सोडायचे यापेक्षा काय सोडायचे नाही, हे त्यांनी आधी ठरवलेले दिसते. 1670 पासून गेलेले किल्ले परत येऊ लागले. (राजाची तुलना भागधारकाशी केल्याबद्दल कोणी रागावेल. त्याने पोटापाण्याची शिल्लक राखण्याचा प्रयत्न एकदा करून पाहावा; शौर्य तेथेही लागते.)

इथपर्यंत विचार सोपा आहे, कारण नफातोटा एकाच माणसाचा आहे. पण भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे, 1927-28 च्या सुमारास पुरे झालेले. त्याच्या पाण्याने नीरेच्या कालव्यांवरचा खालचा दुष्काळी मुलूख उसाचा झाला. भांडवल म्हणून बुडाली ती वरची खोरी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जाते. या गुंतवणुकीचा परतावा उत्तम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ज्याने भांडवल दिले त्याच्या वंशजांच्या नावे तो जमा होत नाही.

आज भोर-वेल्ह्याच्या उतारांवर पुण्यामुंबईचा पैसा जमीन घेतो आहे. हेन्री जॉर्जने 1879 साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’त दाखवले होते, की जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने नव्हे, भोवतालच्या समाजाच्या वाढीने चढते. रस्ता सरकार करते, शहर लाखो माणसे वाढवतात. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला हंडा सापडतो. घेणारा थांबू शकतो, म्हणून त्याला सापडतो. विकणारा लग्नासाठी, दवाखान्यासाठी विकतो. त्याला थांबता येत नाही. संयम हा गुंतवणुकीतला थोर गुण म्हणून सांगतात, आणि तो आहेही. पण ज्याच्या कणगीत वर्षाचे भात आहे त्याचा संयम आणि ज्याच्या कणगीत नाही त्याचा उतावीळपणा, यांना एकाच तराजूत घालून एकाला शहाणा व दुसऱ्याला अडाणी ठरवणे मला जमत नाही. विकलेल्या वावराच्या बांधावर पुढे तोच माणूस राखणदार म्हणून पगारावर उभा राहिला, तर घेणाऱ्याने त्याच्याशी काय बोलावे, हे बाजारभावाच्या पानावर छापलेले नसते.