चढणीवर ज्याचा त्याचा भार

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१-५, उत्पत्ती ३३:१२-१४



या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात प्रेषित पौल आपणांस एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो. तीनच वचने पुढे तोच पौल म्हणतो की, प्रत्येकाला आपापला भार वाहावा लागेल. शब्बाथ शाळेतील चौकस मुले विचारतात, "यांतले खरे कोणते?" मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निराळे शब्द आहेत : पहिला दडपून टाकणाऱ्या ओझ्याचा, दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या भाराचा. उत्तर बरोबर आहे. परंतु त्याचा अर्थ शब्दकोशापेक्षा घाटात आम्हांला अधिक नीट कळला.

२०२३ सालच्या डिसेंबरात आमच्या मंडळीतील आम्ही सहा जण पणजीहून आंबोली व बेळगावमार्गे मिरजेस सायकलने गेलो. दुसरा दिवस घाटाचा. सावंतवाडीपासून आंबोली सुमारे तीस किलोमीटर. दाणोली मागे पडली की चढण लागते, आणि रस्ता समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६९० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. वळणामागून वळण येते, पण माथा दिसत नाही.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मोठा विरोधक वारा असतो. म्हणून पुढच्याच्या पाठीशी राहिले की मागच्याला आडोसा मिळतो व श्रम वाचतात. चढणीवर वेग माणसाच्या चालीइतका उतरतो. तेथे आडोशाचा उपयोग जवळजवळ नाहीच. तेथे प्रश्न वजनाचा असतो. ज्याने त्याने आपले शरीर, आपली सायकल व आपले सामान वर न्यायचे. गिअर असले तरी भार नाहीसा होत नाही. तो लहान लहान हप्त्यांनी उचलता येतो, इतकेच.

आमच्यातील एक बंधू पन्नाशी ओलांडलेले. घाटाच्या मध्यावर ते उतरले आणि म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी एस.टी.ने परत जातो." त्यांच्याऐवजी पायडल मारणे आम्हांपैकी कोणालाच शक्य नव्हते. परंतु त्यांच्या मागील कॅरिअरवरच्या दोन पिशव्या आम्हांला उचलता येत होत्या. त्या दोघांनी वाटून घेतल्या. मग त्यांनाच सर्वांच्या पुढे ठेवले. ते चालवतील तेव्हा आम्ही चालवायचे, ते उतरून ढकलतील तेव्हा आम्हीही ढकलायचे. दुपारी बाराला पोहोचावयाचे ते अडीच वाजता पोहोचलो. परंतु सहाही जण पोहोचलो.

याकोबाने एसावाला हेच सांगितले होते. एसाव चारशे माणसांनिशी आलेला. बरोबर चालू या, असा त्याचा आग्रह. याकोब म्हणाला की, मुले कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. म्हणून तो त्यांच्या चालीने सावकाश निघाला. एकच दिवस! आपल्या मंडळ्यांत असे दामटण्याचे दिवस किती असतात, याचा आपण विचार करावा.

जिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, ती भगिनी प्रार्थनासभेला येत नाही म्हणून आपण तिचे नाव मागे पडलेल्यांत घालतो. तिचे दुःख आपणांस वाहता येणार नाही. तो तिचा भार आहे. परंतु आठवड्यातून एक रात्र आजारी माणसाजवळ जागणे, औषध आणून देणे, मुलाची फी भरणे, या पिशव्या आहेत. त्या वाटून घेता येतात. शिक्षकांनो, मुलाच्या वतीने विश्वास ठेवणे आपल्या हाती नाही. पण ज्याला दहा वचने पाठ होत नाहीत, त्याला दोन देऊन वर्ग त्याच्यासाठी थांबवणे आपल्या हाती आहे. जो केवळ पिशव्या मोजतो तो माणसाला पांगळा करतो. जो केवळ 'आपापले वाहा' म्हणतो तो त्याला घाटात सोडून जातो.

हे दोन्ही एकत्र पाहावयाचे असेल तर गुलगुथ्याच्या वाटेकडे पाहा. तेथे आपल्या प्रभूचा वधस्तंभ शिमोन कुरेनेकराच्या खांद्यावर दिला गेला. जगाच्या तारणाऱ्याचे लाकूडही दुसऱ्या माणसाने वाहिले. परंतु पित्याने दिलेला प्याला त्याने एकट्यानेच घेतला. तो कोणालाही वाटून घेता आला नाही. ख्रिस्ताचा नियम पूर्ण करणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

तर या आठवड्यात आपण प्रत्येकाने प्रार्थनेत दोन प्रश्न विचारावेत : प्रभू, माझा असा कोणता भार आहे, जो मी दुसऱ्यावर टाकू पाहतो? आणि माझ्या शेजाऱ्याची अशी कोणती पिशवी आहे, जी मी अजून उचललेली नाही? उत्तर मिळाले तर रविवारपर्यंत थांबू नये. आमेन.