मनात आलं म्हणून

लंडनमध्ये एक दिवस मोकळा सापडला. सकाळपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. व्हिक्टोरिया स्टेशनच्या फलकावर ब्रायटनचं नाव वाचलं, जाण्यायेण्याचं तिकीट काढलं आणि तासाभराने समुद्राच्या गावात उतरलो. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्याचा उतारच माणसाला पाण्याकडे नेतो.

किनारा गोट्यांचा. कोकणातल्या पुळणीला सरावलेले पाय तिथे दर पावलाला घसरतात. लाट परतते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासत खळखळतात, आणि तो आवाज ऐकत माणसं तासन्‌तास पडून असतात.

अठराव्या शतकात डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी औषधी असल्याचं लिहिलं आणि श्रीमंत रोगी इकडे येऊ लागले. 1841 मध्ये लंडनहून रेल्वे आली. सकाळी निघून समुद्र बघावा आणि रात्री घरी परतावं, हे सुख मग साध्या माणसाच्याही आवाक्यात आलं. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी याच गावात वाफेच्या स्नानाचं आणि मालिशचं घर चालवलं. त्यांच्या जाहिरातीतलं ‘शाम्पू’ म्हणजे साबण नव्हे, अंग चेपणं. आपल्या चंपीच्याच कुळातला तो शब्द.

गावाच्या मधोमध रॉयल पॅव्हिलियन आहे. भारत कधीही न पाहिलेल्या राजपुत्राने, पुढच्या चौथ्या जॉर्जने, भारतीय घुमट-मिनारांची हौस इथे भागवून घेतली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1914 मध्ये, याच विलासमहालाचं रुग्णालय झालं. फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले हिंदी सैनिक झुंबरांखाली खाटांवर पडून होते. हिंदू-मुसलमानांसाठी स्वयंपाकघरं आणि पाण्याचे नळ वेगळे होते. उपचार मनापासून झाले, हे नाकारता येत नाही. साम्राज्य आपल्या शिपायांची किती काळजी घेतं हे हिंदुस्थानात दिसावं, म्हणून त्याची छायाचित्रंही दूरवर पोचवली गेली.

मला जास्त वेळ थांबवलं ते टेकडीवरच्या, हिंदी सैनिकांसाठीच्याच किचनर रुग्णालयाच्या हकिगतीने. इमारत पूर्वी निराधारांच्या आश्रमाची. तिथल्या सैनिकांना, आणि हिंदी कर्मचाऱ्यांनाही, गावात मोकळेपणी फिरायला बंदी होती. भिंतींवर काटेरी तार होती, दारावर पहारा होता. त्यांनी गोऱ्या बायकांच्या संपर्कात येऊ नये, ही भीती त्यामागे होती. या कोंडमाऱ्याने संतापलेल्या गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने 1915 मध्ये रुग्णालयाच्या प्रमुखावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि तुरुंगवास भोगला. पिस्तूल उगारणं मला समर्थनीय वाटत नाही. पण गोडबोले हे आडनाव वाचलं आणि तो माणूस एकदम जवळचा झाला. रोग्यांची सेवा करायला सातासमुद्रापार आलेला, खाली समुद्राचं गाव गजबजलेलं, आणि चार पावलं चालून यायची मुभा नाही.

सकाळपासून मी माझ्या भटकंतीला लहर म्हणत होतो. तो शब्द मला तिथे अपुरा वाटू लागला. मनात आलं म्हणून गाडीत बसायचं, वाटेल त्या बाकावर बसायचं, कुणाशीही बोलायचं, कंटाळा आला की उठायचं. यातल्या कशासाठीही मला कुणाची परवानगी घ्यावी लागली नव्हती. व्हिसाच्या अर्जात मी शंभर प्रश्नांची उत्तरं दिली असतील, पण आज ब्रायटनलाच का, हे कुणी विचारलं नाही. सहलीचं खरं मोल मला त्या न विचारलेल्या प्रश्नात दिसतं. ज्याच्या पायाला पहारा आहे त्याला निसर्गाच्या सौंदर्याबद्दल काय सांगणार?

गावाबाहेरच्या माळावर संगमरवरी छत्री आहे. इथे दगावलेल्या 53 हिंदू-शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला गेला. 1921 मध्ये छत्रीचं अनावरण झालं. भोवती मेंढ्या चरतात, वारा सतत असतो आणि दूरवर पाण्याची रेघ दिसते. अस्थी त्याच पाण्यात सोडल्या होत्या.

संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर आलो. एक गोटा उचलला, हातात थोडा वेळ धरला आणि जागच्या जागी ठेवला. परतीच्या गाडीची वेळ होऊन गेली होती. मी बसून राहिलो. पुढची गाडी होतीच.