रडू आणि फुंकर

मध्य प्रदेशातल्या आमच्या दर्पण कॉलनीत शाळेची बस यायच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या घरात भोकाड पसरलेलं असतंच. दूध फार गरम आहे, मोजा एकच सापडतोय, वेणी घट्ट बांधली. आजी म्हणते, ‘फुंकून फुंकून पी गं,’ आई म्हणते, ‘बस निघून जाईल हं.’ या गडबडीत एखादं पोर हुंदके देत म्हणालं, ‘माझा हात उचलला जात नाहीये,’ तर घरातल्या मोठ्यांचं उत्तर तयार असतं: ‘नाटकं पुरे!’ शाळेतल्या मॅडमचंही तेच, फक्त हिंदीत.

बहुतेक वेळा ते नाटकच असतं, हे मलाही मान्य आहे. पण मोयामोया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात मूल अगदी खरं सांगत असतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी, जिथे त्यांना फाटे फुटतात नेमक्या तिथे, हळूहळू अरुंद होत जातात. मेंदू आपल्या परीने वाट काढतो, बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं उगवतं. अँजिओग्राफीत ते जाळं हवेत विरणाऱ्या धुरासारखं दिसलं, म्हणून जपानच्या सुझुकी आणि ताकाकू या डॉक्टरांनी १९६९ साली आजाराला हे नाव दिलं. असा रुग्ण जपानमध्ये त्याआधी, १९५७ सालीच नोंदला गेला होता.

आता रडण्याचा आणि हाताचा संबंध काय? रडताना किंवा फुंकताना मूल जोरजोरात श्वास बाहेर टाकतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि तो उतरला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तुमच्या-माझ्या डोक्यात याने फार तर गरगरेल. ज्याचा पुरवठा आधीच काठावर आलेला आहे, त्याचा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. जपानी डॉक्टरांच्या नोंदींत यासाठी गरम नूडल्स आणि तोंडाने वाजवायची हार्मोनिका येते. आपल्याकडे बशीतलं दूध, फुगा आणि वाढदिवसाची मेणबत्ती म्हणायला हवं. थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पोर दोन्ही हातांनी बिस्किटाचा पुडा फोडत असतं. मग घरच्यांनाच वाटतं, उगाच आलो.

ईईजी काढताना लहान मुलांच्या हातात भिरभिरं देतात. ते फुंकून फिरवायचं, म्हणजे श्वास आपोआप जोरात होतो आणि आलेखात काय बदल होतो ते बघता येतं. मोयामोयाच्या मुलात फुंकणं थांबल्यावरही मंद लहरी पुन्हा उसळून येतात. म्हणून शंका असेल तर हे भिरभिरं बाजूलाच ठेवतात. केवढंसं खेळणं, पण त्याच्याही वाटेला जाऊ नये असा हा आजार.

शिवाय तो फक्त जपान-कोरियाचा नाही. तिकडे आरएनएफ२१३ या जनुकातला एक बदल बऱ्याच रुग्णांत सापडतो, हे २०११ साली कळलं. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत, डोक्याला रेडिएशन घ्यावं लागलेल्या मुलांत आणि सिकलसेलच्या मुलांतही धमन्या अशाच अरुंद होऊ शकतात. सिकलसेल तर आपल्या अंगणातलाच आजार. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं ते आमच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून. आणि गडचिरोली-नंदुरबारच्या लोकांना त्याची ओळख करून द्यायची गरज नाही.

अरुंद झालेली धमनी पुन्हा मोकळी करणारं औषध नाही. अॅस्पिरिन गुठळ्या टाळायला देतात. खरा इलाज शस्त्रक्रियेचा, आणि ती आजारी धमनीला हातच लावत नाही. कानासमोर, कानशिलावर बोट ठेवलं तर एक ठोका लागतो. ती टाळूच्या कातडीला रक्त देणारी धमनी. मोठ्या माणसात तीच थेट मेंदूवरच्या धमनीला जोडता येते. गाझी यासर्गिल यांनी अशी जोडणी १९६७ साली करून दाखवली. लहान मुलात मात्र या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की टाका घालणंच जिकिरीचं. म्हणून दुसरी रीत निघाली. ती धमनी न कापता, वाहती ठेवून, सभोवतालच्या मऊ पेशींसकट मोकळी करायची. कवटीला खिडकी पाडायची, आतली आवरणं उघडायची आणि धमनी मेंदूच्या पृष्ठावर अलगद टेकवून केसाहून बारीक धाग्याने जागच्या जागी धरून ठेवायची. आंब्याचं भेटकलम बांधतात ना, फांदी मूळ झाडावरून न तोडता रोपाशी जुळवून, तसंच हे. हाड परत बसवताना धमनीला आतबाहेर जायला फट ठेवतात. पुढचं काम मेंदूचं: भुकेला मेंदू तिच्यातून नवे फाटे ओढून घेतो. याला काही महिने लागतात.

जपानमध्ये मात्सुशिमा यांनी ही वाट घालून दिली, बोस्टनच्या बालरुग्णालयात मायकेल स्कॉट यांनी तिला आपलं वळण दिलं. स्कॉट यांनी १९८५ ते २००१ या काळातल्या १४३ मुलांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३० दिवसांत ११ पक्षाघात झाले. पण वर्षाहून अधिक काळ ज्यांच्यावर लक्ष ठेवलं, त्या १२६ मुलांपैकी नंतर पक्षाघात झाला तो चौघांनाच. धोका बहुतेक सुरुवातीलाच एकवटलेला, असं मला हे आकडे वाचताना वाटलं. ते ११ पक्षाघात आईबापांपासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. समोरच्याला दोन्ही आकडे सांगावेत.

आणि या धोक्याचा मोठा वाटा चाकूचा नाही, पाण्याचा आणि रडण्याचा आहे. म्हणून मुलाला आदल्या दिवशीच दाखल करून सलाईन लावतात, शरीर सुकू देत नाहीत. सुई टोचण्याआधी त्या जागी बधिर करणारं मलम लावून ठेवतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांची नजर रक्तदाबाइतकीच कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर असते. ऑपरेशन थिएटरच्या दारात आईच्या कडेवरून पोर ओढून घेण्याची आपल्या इस्पितळांतली जुनी पद्धत इथे निव्वळ कठोर नाही, धोक्याचीही आहे. एखाद्या वॉर्डातल्या मावशी गाणं म्हणून मुलाला हसतं ठेवत असतील, तर त्यांच्या त्या कामाची नोंद केसपेपरवर व्हायला हवी असं मी गमतीने नव्हे, खरंच म्हणतो.

घरी आल्यावरही नवे फाटे फुटेपर्यंत तेच पथ्य: पाणी भरपूर, ताप-जुलाबाला लगेच डॉक्टर, आणि रडवायचं नाही. मग घरात वेगळाच कारभार सुरू होतो. मागेल ते मिळतं, हे पोराच्या दोन दिवसांत लक्षात येतं. धाकटं भावंड धुमसतं, आजोबा खूश, आई बिचारी राग गिळत फिरते. पुढच्या तपासणीला नवी अँजिओग्राफी किंवा एमआरआय झाला, फाटे छान भरलेत असं सर्जन म्हणाले, की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, आता याला जरा रागवलं तर चालेल ना?’