जरा, आयुष्य आणि आचार

गोदावरीच्या तीरावरील श्रीक्षेत्र पांचाळेश्वर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील श्रीदत्तात्रेय प्रभूंचे भोजनस्थान होय. येथील आत्मतीर्थी वंदनास येणाऱ्यांत काठी टेकीत येणारे वृद्ध असतात, तशी आईच्या कडेवरची बालकेही असतात. तीच वाट एकास खेळ वाटते, दुसऱ्यास पर्वत. देह कोणाचाच स्थिर नाही, हे सांगण्यास तेथे निराळ्या निरूपणाची गरज पडत नाही. तथापि एक प्रश्न साधकाच्या मनात उरतोच. देह नाशवंत आहे हे ज्याने जाणले, त्याने तो टिकविण्याची खटपट करावी काय? आणि केलीच, तर आयुष्य खरोखर वाढते काय?

या प्रश्नाला दोन उत्तरे सहज दिली जातात. एक पक्ष म्हणतो, आयुष्याची दोरी कर्मफळाने मापलेली आहे. पथ्य पाळून ती वीतभरही लांबत नाही, म्हणून देहाची काळजी हा मोहच. दुसरा पक्ष म्हणतो, आहारविहार नीट ठेवला की शंभरी गाठता येते, म्हणून देहाची निगा हेच पहिले कर्तव्य. दोन्ही पक्ष अपुरे आहेत. ते कोठे अपुरे पडतात हे पाहण्यासाठी प्रथम देह वृद्ध कसा होतो, हे ध्यानी घेतले पाहिजे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत देह हा प्रपंचाचा भाग होय. प्रपंच कारणरूपाने नित्य असला, तरी कार्यरूपाने अनित्य आहे. जे घडले ते विघटणार. आजचे शरीरशास्त्रही आपल्या भाषेत देहाविषयी असेच काही सांगते. मनुष्याच्या पेशी अमर्याद विभागत नाहीत. सुमारे पन्नास विभाजनांनंतर त्या थांबतात, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखविले. पेशींत होणारी मोडतोड देह दुरुस्त करीत असतो. पण दुरुस्तीचे बळ वयाबरोबर घटते. तिशी-चाळिशीनंतर स्नायू आणि अस्थी हळूहळू उणावतात, रक्तवाहिन्या ताठर होतात, डोळ्यांतील भिंग कठीण होते. जरा ही एके दिवशी दारात येणारी पाहुणी नव्हे. ती तारुण्यातच घरात येऊन राहिलेली असते.

मग पथ्याचा उपयोग काय? येथे सरासरी आयुष्य आणि आयुष्याची सीमा यांत भेद केला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. याचा अर्थ पूर्वी वृद्ध नव्हते असा नाही. पूर्वी बालके पाळण्यातच जात, बाळंतिणी जात, पटकी आणि देवी गावेच्या गावे नेत असत. शुद्ध पाणी, लस आणि औषध यांनी अकाली मृत्यू मागे सारला. सीमा मात्र फारशी हलली नाही. ज्यांच्या वयाची नोंद पक्की आहे, अशांत सर्वांत दीर्घायुषी ठरलेल्या फ्रान्समधील जान काल्माँ या बाई १९९७ साली एकशे बावीस वर्षांच्या होऊन वारल्या. त्यापलीकडे कोणी गेल्याचा खात्रीचा दाखला नाही. परंतु सीमेच्या अलीकडे आचरणाला मोठा वाव आहे. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षे चाललेल्या निरीक्षणाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात. तिशीत ते सोडणारा जवळजवळ सगळे नुकसान टाळतो आणि साठीत सोडणाराही सुमारे तीन वर्षे मिळवतो, असे त्यात दिसून आले. तेव्हा पथ्य मृत्यूला जिंकत नाही, अकाली मृत्यूला मात्र पुष्कळ अंशी अडवते.

लीळाचरित्रात वयस्तंभिनी विद्येचा उल्लेख येतो. वयाला थांबविणारी ती विद्या. तथापि सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी परिवाराला जो आचार घालून दिला, त्यात अटन आहे, विजन आहे, भिक्षा आहे, भोजन आहे, स्मरण आहे, वयस्तंभन नाही. यातच सिद्धान्ताची किल्ली आहे. नित्य चालणे, मिळेल ते मोजके खाणे, मद्यादी व्यसनांपासून दूर राहणे यांनी देह निरोगी राहतो हे खरे. पण ते आचाराचे फळ नव्हे, आचाराच्या वाटेवरची सावली आहे. सावलीसाठी कोणी वाटेवरच बसून राहिला, तर तो मुक्कामास पोचत नाही. उलट, देह तुच्छ म्हणून जो त्याची हेळसांड करतो, तोही चुकतो. मनुष्यदेह हे जीवाला उद्धाराची संधी देणारे साधन आहे. उसने आणलेले साधन मोडून परत करणे हे वैराग्य नव्हे.

आता या विचारातील सर्वांत कठीण भाग. पथ्य पाळावे असे सांगताना, पाळणाऱ्याच्या हाती निवड आहे असे आपण धरून चालतो. बीड जिल्ह्यातच हे गृहीतक कोलमडते. दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेपूर्वी फडात जायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, रात्री कोपीत निजायचे. खाडा झाला तर पैसे कापले जातात. तेथे शुद्ध पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शासकीय समितीच्या कामात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली, तर ऋतुसमाप्ती अकाली येते आणि हाडे लवकर झिजतात. म्हणजे ज्या वयात इतरांची जरा पाऊल न वाजवता चालते, त्या वयात हिच्या घरी ती दार फोडून येते.

या बाईला ‘हे तुझे कर्म’ असे सांगणे सोपे आहे. पण ते शास्त्र नव्हे. जीवाच्या कर्माचा हिशेब देवतांच्या हाती आहे, शेजाऱ्याच्या नाही. शेजाऱ्याच्या हाती अहिंसेचा धर्म आहे. ज्या व्यवहाराने दुसऱ्याचा देह अकाली जीर्ण होतो, तो व्यवहार शस्त्राविना घडणारी हिंसाच होय, आणि त्या साखरेची गोडी चाखणारा प्रत्येक जण तिच्या कडेला उभा आहे. कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. परक्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी नाही.

पंथाच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भटोबासादी मंडळी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. प्रभू त्या वेळी वृद्ध होते. त्यांचे वार्धक्य कोणी थांबवू पाहिले नाही. त्या वार्धक्याची सेवा हेच साधन मानले गेले. त्याच काळात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या त्यांच्याकडून एकेक करून मिळविल्या. पाहणारे देह तोवर टिकले नसते, तर त्यांच्याबरोबर त्या आठवणीही मावळल्या असत्या. दीर्घ आयुष्याचे मोल वर्षांच्या संख्येत नसते, त्या वर्षांनी काय जतन केले यात असते, याचा याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही.

म्हणून साधकाने स्वतःच्या देहाला पथ्याने राखावे, पण त्याच्या आयुष्याची मोजदाद करीत बसू नये. अटन न झेपणाऱ्या वृद्ध साधूची ताटवाटी आणि औषध आश्रमाने विचारावे, त्याने मागण्याची वाट पाहू नये. गृहस्थाने आपल्या गावातून कोयत्यावर गेलेल्या कुटुंबाच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करावी, आणि परतलेल्या बाईचे दुखणे ‘बायकांचे नेहमीचेच’ म्हणून टाळू नये. आपली जरा वैराग्याने सोसावी. दुसऱ्याची जरा करुणेने हलकी करावी. या दोहोंची अदलाबदल झाली की पहिल्याचा मोह होतो आणि दुसऱ्याचे निष्ठुरपण.